नावाचा धुरा

बस. पाणी नंतर मिळेल. आधी ती पिशवी उघड आणि काल छापून आणायला सांगितलेले कागद माझ्यासमोर ठेव. चारही पानं. आता पहिल्या पानापासून मोठ्यानं वाच. चौथीत धडा वाचायला उभं केलं की शेवटची ओळ तू गिळायचास. आज एकही ओळ गिळायची नाही.

'स्कोअर ५८९.' हं. हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो, हे तुला काल रात्री कळलं. चाळिशीला आलास, तीनदा पीककर्ज उचललंस, बायकोचं सोनं दोनदा गहाण ठेवून सोडवलंस, आणि बँक आपल्याला कोणत्या आकड्यानं ओळखते ते तुला ठाऊक नव्हतं. मॅनेजर म्हणाले, 'सिबिल खराब आहे, ट्रॅक्टरचं कर्ज होणार नाही.' तू काय विचारलंस त्यांना? कशामुळे खराब, कोणाची थकबाकी, कधीची? एक शब्द विचारला नाहीस. मान खाली घातलीस आणि बेल्याची बस धरलीस. चोरी झाली तुझी, आणि चोरासारखा उठून आलास तू.

पुढे वाच. नाव तुझं. जन्मतारीख तुझी. पॅन तुझा. पत्ता? पहिला आपल्या गावचा. दुसरा एका शहरातला, फ्लॅट नंबर, चौथा मजला. त्या शहरात पाऊल ठेवलं आहेस कधी? नाही. मोबाइल नंबर तीन आहेत. एक आत्ताचा, एक तू दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेला, आणि तिसरा? ओळखीचाच नाही. बोट ठेव त्याच्यावर. ठेव. चोर घरात शिरला तो याच दारानं.

आता खाती. पीककर्ज, चालू, ठीक. सोनेतारण, बंद, ठीक. आणि त्याखाली 'कन्झ्युमर लोन', रक्कम १४,०००. त्याच्याखाली आणखी एक, ९,५००. कर्ज देणारी कंपनी कोणती ते नाव तू आयुष्यात ऐकलेलं नाहीस. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून दिलेलं कर्ज आहे हे. खालच्या चौकटीतले आकडे वाच. ०००, ०००, ०३०, ०६१, ०९१, १२२. हा फोन नंबर नाही. महिन्यामागून महिना हप्ता किती दिवस थकला, त्याचे आकडे आहेत हे. तुझ्या नावावर कोणीतरी दोन हप्ते भरले आणि मग हात झटकले. त्या दिवसापासून थकबाकीदार तू आहेस.

हे वाचताना तुझा आवाज बसला, ते मला कळलं. पण मी थांबणार नाही.

काल विचारलं, तुझी कागदपत्रं कोणाकडे गेली होती? तू जमिनीकडे बघत होतास. तुझ्या बायकोनं सांगितलं मला. कापसाच्या हंगामात एका व्यापाऱ्याला जमिनीचं पासबुक दिलंस, आधार दिलंस, पॅन दिलास, बँकेचं पुस्तक दिलंस, आणि ओटीपी सांगायला मोबाइल दोन दिवस त्याच्या पोराच्या हातात ठेवलास. कशासाठी? दीड हजार रुपयांसाठी. त्यानं खेड्यातून पडत्या भावानं गोळा केलेला कापूस तुझ्या नावावर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, काट्यावर चढवला. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. भाव त्यानं घेतला, नाव तुझं वापरलं.

यात तुझे दोन गुन्हे आहेत आणि दोन्ही मी मोजणार आहे. आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते, माणसं थंडीत कापसाच्या ढिगावर झोपून रात्र काढतात, ओलावा जास्त म्हणून परत पाठवली जातात. त्या खऱ्या शेतकऱ्याची जागा तू विकलीस. हा पहिला. दुसरा गुन्हा स्वतःशी केलास. नाव भाड्यानं दिलंस. बैलजोडी भाड्यानं दिली तर संध्याकाळी परत येते, तिच्या पाठीवर वळ उठले असतील तर दिसतात. नाव परत आलं की नाही, हे कशावरून बघितलंस?

त्या व्यापाऱ्यानंच कर्ज काढलं असं मी म्हणत नाही. पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय कोणाला चोर म्हणायचं नाही हे मी तुम्हाला वर्गात शिकवलं. पण त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत तुझ्यासारख्या चाळीस जणांची कागदपत्रं होती. ती कोणत्या झेरॉक्सच्या दुकानात गेली, कोणाच्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो राहिले, हे तुलाही सांगता येत नाही, मलाही नाही. पॅन, जन्मतारीख, आधार आणि एक चालू मोबाइल नंबर एवढं एका हातात आलं की अ‍ॅपवरचं कर्ज दहा मिनिटांत निघतं. कापूस वेचायला जायच्या आधी.

गेल्या मिरगात शेजाऱ्यानं तुझा धुरा दोन हात कोरला. काय केलंस? आभाळ डोक्यावर घेतलंस. तहसीलदाराकडे तीन खेपा घातल्यास, सर्व्हेअर आणलास, पैसे भरून मोजणी केलीस, दगड रोवलेस. दरवर्षी पहाणी काढून नाव नीट आहे ना ते बघतोस. पूर्वी धरणी पोर्टलवर बघायचास, आता भूभारतीवर बघतोस. दोन हात मातीसाठी एवढं. आणि नावाचा धुरा कोणी अख्खा नांगरून टाकला तरी तुला आठ महिने पत्ता नाही? नावाचीही पहाणी असते, लेका. ती तुझ्यासमोर पडली आहे, चार पानांची. २०१७ च्या जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेच्या हुकमानं ती वर्षातून एकदा फुकट मिळते. फुकट. आणि अशी नोंद ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत, सिबिल एकटी नाही. एक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन. डॉक्राच्या, बचत गटाच्या, मायक्रोफायनान्सच्या कर्जांची नोंद क्रिफकडे बरीच असते, म्हणून तुझ्या बायकोची तिथली नोंद आधी बघायची. चार कंपन्या, चार फुकट अहवाल. मिरगाला एक, पोळ्याला एक, दिवाळीला एक, होळीला एक काढ. सणवार तुला बरोबर आठवतात.

'कर्जाचा मेसेज आला होता गुरुजी, पण इंग्रजीत होता.' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. इंग्रजीत होता म्हणून खोडून टाकलास? शाळेचा दाखला तेलुगूत आला होता तेव्हा तो फाडला होतास का? १९५६ ला राजुरा आणि किनवट पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बँकेत इंग्रजी. यात आपला दोष नाही, त्रास मात्र आपला आहे, आणि तो मी नोकरीभर बघितला. पण 'मला वाचता येत नाही' ही सबब सही न करण्यासाठी वापरायची असते, सही करून टाकण्यासाठी नव्हे. वाचता येत नसेल तर वाचून घे. मी जिवंत आहे. तुझी मुलगी नववीत आहे, तिला तिन्ही भाषा येतात.

आणि ही नावाची भानगड बघ. पासबुकात तेलुगूतून लिहिलेलं आडनाव एक, आधारवर इंग्रजीत दुसरं, बँकेत तिसरं. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. आपल्या सीमेवरच्या घराघरात हे आहे. कोणी बरोबर करून घेत नाही, 'चालतंय की' म्हणतात. मग एखाद्या दुसऱ्या गावच्या सारख्या नावाच्या माणसाचं कर्ज आपल्या पानावर येऊन बसतं, किंवा हे खातं माझं नाही हे पटवायला तीन कचेऱ्या फिराव्या लागतात. तीन ठिकाणची तीन नावं म्हणजे तीन तुटलेली फाटकं. हंगाम संपला की आधी ते सरळ करायचं.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग आला आहे, ती. काल निघताना दारात उभा राहून तू म्हणालास, 'जाऊ द्या गुरुजी, तेवीस-चोवीस हजारच आहेत, भरून टाकतो, कटकट नको.'

रात्री मला झोप लागली नाही.

भरून टाकतो? भरलंस की कर्ज तुझं झालं. आपल्या हातानं कबुली दिलीस. कंपनीचा वसुलीवाला गोड बोलेल, 'निम्मे भरा, मिटवून टाकू' म्हणेल, आणि अहवालात त्या खात्यासमोर 'सेटल्ड' असा शिक्का बसेल. पुढची बँक त्याचा अर्थ 'या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत' असाच लावते. पैसे गेले ते गेले, डाग राहिला तो राहिला. आणि ज्याच्याकडे तुझे कागद आहेत त्याला कळलं की हा माणूस गपगुमान भरतो. तिसरं कर्ज तो कधी काढील? पोळ्याच्या आत. एक पैसा भरायचा नाही. ऐकलंस? वसुलीवाल्याचा फोन आला तर एवढंच सांगायचं, 'हे कर्ज मी घेतलेलं नाही, तक्रार केली आहे, कर्ज देताना घेतलेली माझी सही, फोटो आणि पैसे कोणत्या खात्यात टाकले ते लेखी द्या.' हा शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. पैसे तुझ्या खात्यात आलेच नाहीत, मग गेले कोणाच्या खात्यात? त्या उत्तरात चोराचा पत्ता आहे.

वही काढ, लिहून घे. मी सांगतो त्याच क्रमानं करायचं.

आज संध्याकाळच्या आत १९३० ला फोन. सायबर फसवणुकीचा हा सरकारी नंबर आहे. मग पोलीस ठाणं. 'हद्द आमची नाही' असं म्हणाले तर शांतपणे सांगायचं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायची सोय आहे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पोचपावतीशिवाय उठायचं नाही.

ती पावती जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र, आणि ज्या ज्या अहवालात हे खातं दिसेल त्या त्या कंपनीकडे आक्षेप. २००५ च्या कायद्यानं तो तुझा हक्क आहे. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे, २०२४ च्या एप्रिलपासून लागू. म्हणून तारीख जपायची. आक्षेप टाकल्याचा क्रमांक आणि तारीख या वहीच्या पहिल्या पानावर लिही, मोबाइलमध्ये नको. तीस दिवसांनी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.

संचार साथी म्हणून सरकारी संकेतस्थळ आहे. तुझ्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते तिथे दिसतं. तो तिसरा नंबर तिथे सापडला तर 'हा माझा नाही' म्हणून तिथूनच कळवायचं.

आणि तो सोडून दिलेला नंबर! आधारला अजून तोच जोडलेला आहे ना? म्हणजे घर बदललंस आणि चावी जुन्या घराच्या कोनाड्यात ठेवून आलास. आता कोणी तुझा अहवाल बघितला की कंपनीनं तुला मेसेज पाठवायचा असा नियम झाला आहे, पण बँकेतही तो मेलेला नंबरच असेल तर मेसेज त्यावरच जाणार. उद्या नवा जोडून घे. मग आधारच्या अ‍ॅपवरून बोटांचे ठसे कुलूपबंद कर. रेशनला अंगठा लावायचा असेल त्या दिवशी थोड्या वेळापुरतं उघडता येतं, पुन्हा आपोआप बंद होतं. गेल्या सहा महिन्यांत तुझं आधार कुठे कुठे वापरलं गेलं, ती यादीही तिथेच निघते.

अंगठ्याचं एवढं काय, असं तोंड करू नकोस. पेद्दपल्ली जिल्ह्यातलं धर्माराम माहीत आहे ना? २०१८ साली तिथला एक सिमकार्ड विकणारा पकडला गेला. जमिनीच्या खरेदीखतांवर अंगठे असतात, आणि ती खतं सरकारी संकेतस्थळावर दिसत होती. त्यानं ती उतरवून घेतली, रबरी शिक्के बनवायच्या सामानानं अंगठ्यांचे साचे केले, आणि लोकांच्या आधारवर हजारो सिमकार्डं चालू केली. ती माणसं घरी झोपली होती. त्यांनी कोणाला कागद दिला नव्हता, ओटीपी सांगितला नव्हता. तू तर सगळं हातात नेऊन दिलंस.

कोणी तुझ्या नावावर नवं कर्जच काढू शकणार नाही असं कुलूप सिबिलला लावता येतं का, हे तू काल विचारलंस. एवढ्या सगळ्यात तोच एक शहाणा प्रश्न होता. अमेरिकेत लावता येतं. २०१७ मध्ये तिथल्या एक्विफॅक्समधून चौदा-पंधरा कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, त्यानंतर कायदा झाला आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून तिथल्या कोणालाही आपली नोंद फुकट गोठवता येते. गोठवली की नवी बँक ती बघूच शकत नाही, आणि बघितल्याशिवाय कर्ज देत नाही. आपल्याकडे असा हक्क कायद्यानं दिलेला नाही. द्यायला हवा, आणि हे मी कोणत्याही सभेत उभा राहून सांगेन. चावी आपल्या हातात नसेल त्या घराची राखण रात्री उठून करावी लागते. म्हणून तुला ते चार अहवाल, ते मेसेज, तो जोडलेला नंबर हे सगळं करायचं आहे. दुसरा उपाय नाही.

लाज वाटते म्हणालास. कशाची? २०२२ मध्ये राजकुमार राव या नटानं स्वतः जाहीर केलं की त्याच्या पॅनवर कोणीतरी अडीच हजारांचं कर्ज काढलं आणि त्याचं सिबिल बिघडलं. एवढा मोठा माणूस, अडीच हजार, आणि तो चारचौघांत बोलला. परभणीकडचं गंगाखेड बघ. तिथल्या साखर कारखान्याबद्दल २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. शेतकऱ्यांची कागदपत्रं वापरून त्यांच्या नावावर परस्पर शेकडो कोटींची पीककर्जं उचलली, असा आरोप. शेतकऱ्यांना कळलं कधी? बँकांच्या नोटिसा दारात आल्या तेव्हा. पण ते नोटिसा घडी घालून बाजेखाली ठेवून बसले नाहीत. 'हे कर्ज आमचं नाही' म्हणत बाहेर आले, म्हणून गुन्हा दाखल झाला. तुझ्याकडेही गेल्या पावसाळ्यात एक पाकीट आलं होतं. बायकोनं तेही सांगितलं. शिधापत्रिकेच्या डब्यात आहे, न फोडलेलं. ते आणून दे मला. फसवला गेलास याबद्दल मी तुला रागावत नाही. आठ महिने तोंड शिवून बसलास याबद्दल रागावतो आहे.

आता झेरॉक्स. यापुढे कोणालाही कोरी प्रत द्यायची नाही. असं बघ. ही तुझ्याच आधारची प्रत. फोटोच्या कडेपासून क्रमांकाच्या अलीकडपर्यंत दोन तिरप्या रेघा मारायच्या, त्यांच्या मधोमध लिहायचं: फलाण्या कामासाठी, फलाण्याला दिली, तारीख. सही रेघेवरून पलीकडे गेली पाहिजे, म्हणजे वरचं खोडून पुन्हा झेरॉक्स काढली तरी सही अर्धी तुटलेली दिसते. अक्षर तुझं अजून तसंच आहे, ळ आणि ल मध्ये फरक नाही. पुन्हा लिही. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढून द्यायचं. कोणी कुरकुरला तर माझं नाव सांग. या मंडलातले निम्मे दुकानदार माझ्या हातची छडी खाऊन मोठे झाले आहेत.

पत्राचा मसुदा इथेच बसून लिही, मराठीत. इंग्रजी मी करून देतो, तेलुगू तुझ्या मुलीकडून करून घे, आणि करताना तिला बाजूला बसवून सगळं समजावून सांग. तिचंही बँकेत खातं आहे.

आणि उद्या सकाळच्या बसनं मायला घेऊन ये. पेन्शन काढायला गेली की केंद्रवाला तिला 'नाही लागला, पुन्हा लावा' म्हणत तीन-तीनदा अंगठा लावायला सांगतो, असं ती परवा देवळात माझ्या बायकोला सांगत होती. नुसत्या आधार क्रमांकावर आणि अंगठ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत निघतात तिथे, ओटीपी लागत नाही. दर अंगठ्याला तिला पावती मिळाली का, पुस्तकात तितक्याच वेळा रक्कम वजा झाली का, हे बघायचं आहे. जास्तीची कटली असेल तर कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवलं पाहिजे, म्हणून उद्याच. तिचं पुस्तक मशीनवर भरून आण, आणि तिला चष्मा आणायला सांग.